नडगीतला घरजावई

३ फेब्रुवारी

सुतळीस,

आशीर्वाद. तू परत गेलीस त्याला पंधरा दिवस झाले. मध्ये तुझा फोन आला होता, पण तीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते माझं झालं आहे. मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. कशाकशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. कुठे यायचं कबूल केलं असेल तर ते रद्द समज. यापुढे पत्र लिहीत जा.

भेटायला येणारे आता कमी झाले आहेत. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई परवा येऊन गेल्या. खूप रडल्या आणि मग म्हणाल्या, "रेक्टरबाई गेल्या, आता आमच्यावर ओरडणारं कोणी राहिलं नाही हो." तुझ्या ताईबद्दल आत्तापर्यंत कोणी बोललेलं हे एकच खरं वाक्य. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "सुटल्या बिचाऱ्या." मी म्हटलं, "सुटली नाही, हरली. हरायची सवय नव्हती म्हणून चार वर्षं लागली." ते चहा अर्धा टाकून गेले.

तुझे दादा दर रविवारी येतात. तिच्या खुर्चीत बसतात आणि विचारतात, "काळजी नीट घेतली होती ना?" चार रविवार झाले. गेल्या रविवारी मी म्हटलं, "नाही, मी नुसता बघत बसलो होतो." ते हसले नाहीत. तुमच्या घरात विनोदबुद्धी वाटताना सगळी तुझ्या ताईनं घेतली असावी, खाली सांडलेली तुला मिळाली.

९ मार्चला वसतिगृहात तिच्या फोटोचा कार्यक्रम आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. बत्तीस वर्षांच्या संसारात मला दोन शब्द सलग बोलायला मिळाले नाहीत, आता अचानक कुठून आणू?

एक विचारायचं होतं, अगदी सहज. रिपोर्टमध्ये जंतू नाहीत असं यावं आणि ते असावेतच, असं होतं का? होत असेल तर मधल्या काळात ते असतात कुठे आणि करतात काय? तुझी ताई त्याला घरजावई म्हणायची. पाय मोडून सळई बसवली तेव्हा जो नडगीत राहायला आला तो आलाच. औषधानं हाकलला की तीन महिने गायब, मग पुन्हा पू घेऊन दारात हजर. मला समजेल असं लिही. बारावी विज्ञान आणि वर डिप्लोमा झाला आहे, अगदीच दगड नाही.

तुझा,
भाऊजी


११ फेब्रुवारी

ति. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तुम्हाला खरं वाटणार नाही. सुतळी हे नाव ताईनं मी सातवीत असताना ठेवलं. आता माझा दोरखंड झाला आहे. लोटांगण घातलं तर उठवायला तुमच्या खात्याचीच माणसं लागतील. म्हणून उभ्यानं नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचला. सविस्तर लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत जंतू ओळखायचे म्हणजे त्यांना जेवायला घालायचं. एका पसरट प्लेटमध्ये रक्त मिसळलेली जेली असते. तिच्यावर पू किंवा हाडाचा कण फिरवायचा, प्लेट गरम पेटीत ठेवायची आणि वाट बघायची. ताईचा घरजावई सोनेरी जातीचा. दुसऱ्या सकाळी पेटी उघडावी तर मोहरीएवढे पिवळेधमक गोल बसलेले असतात. खादाड आणि निर्लज्ज. लपायचं वगैरे त्याच्या गावीही नसतं.

औषध मारतं ते अशांनाच. बहुतेक औषधं कामात असलेल्या जंतूला पकडतात. तो भिंत बांधत असला की भिंत पाडायची, माल तयार करत असला की कारखाना बंद पाडायचा. पण त्यातले थोडे असे निघतात की मारा सुरू झाला की कामच थांबवतात. काही नुसते झोपून राहतात. काही तर अंगच बदलतात. लहान होतात, पिवळा रंग सोडतात, श्वास घेतला न घेतल्यासारखा करतात आणि थेट हाडाच्या पेशींत शिरून बसतात. ऑफिसात कडक साहेब आला की काही कारकून जसे करतात तसंच. फाइल उघडायची नाही, मान वर करायची नाही, आपण इथे आहोत हेच कोणाला कळू द्यायचं नाही. साहेबाची बदली झाली की तेच लोक पुन्हा टेबल वाजवायला लागतात. त्यांच्यावर औषध फुकट जातं, कारण धरायला काही सापडतच नाही. आणि हे चिवट असतात असं नाही हो. उलट मरतुकडे असतात. मरतुकडे असतात म्हणूनच टिकतात.

अशांना प्लेटवर ठेवलं तरी दिसायला पाच-सहा दिवस लागतात, आणि दिसले तरी टाचणीच्या टोकाएवढे.

आता रिपोर्टबद्दल. प्लेट दोन दिवस बघायची असा नियम आहे. दोन दिवसांत काही दिसलं नाही तर "वाढ नाही" असं लिहून प्लेट टाकायची. हा नियम मी केलेला नाही. दिवसाला ऐंशी नमुने येतात. गरम पेट्या दोन, त्यातली एक कधी गरम होते आणि कधी रुसते. "वाढ नाही" म्हणजे "जंतू नाहीत" असा अर्थ कोणी काढला तर ती काढणाऱ्याची जबाबदारी. हे मी कोणाला उद्देशून लिहीत नाही. तुम्हाला दादांनी माझ्याबद्दल काही सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर आडून विचारू नका, सरळ विचारा.

जेवत जा. बिस्किटं म्हणजे जेवण नाही.

तुमची,
सुतळी


१७ फेब्रुवारी

सुतळीस,

आशीर्वाद. दादा तुझ्याबद्दल काय सांगणार? त्यांना तू कोणत्या मजल्यावर काम करतेस हेसुद्धा माहीत नाही. ते सगळ्यांना सांगतात की तू डॉक्टरांना मदत करतेस.

नियमाबद्दल मी विचारलंच नव्हतं. तू का रागावलीस ते कळलं नाही. पण बाकीचं समजलं. तीन वेळा वाचलं. तेव्हा मी आडून विचारत होतो हे खरं आहे. आता सरळ सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तिसरं ऑपरेशन झालं ते तुला आठवत असेल. हाडाच्या डॉक्टरांनी (तुझी ताई त्यांना सुतार म्हणायची, समोरसुद्धा) हाड खरवडलं, आतला कण तपासायला तुमच्याकडे पाठवला आणि रिपोर्ट स्वच्छ आला. सळई तशीच ठेवली, जखम शिवली आणि सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तिला खाल्लेलं काही पोटात ठरत नव्हतं. वसतिगृहात मुलींवर ओरडता ओरडता मध्येच बेसिनकडे पळायची, चूळ भरून पुढचं वाक्य तिथूनच सुरू करायची. तेहतिसाव्या दिवशी मला म्हणाली, "या गोळ्या त्याला मारायला आहेत की मला? रिपोर्ट तर स्वच्छ आहे ना?" मी म्हटलं, "जाऊ दे, नको घेऊस."

मी म्हटलं, सुतळी. ती हट्टी होती, पण मी "घे" म्हटलं असतं तर शिव्या देत का होईना घेतल्या असत्या. उरलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्या तिनं गॅलरीतल्या कुंडीत पुरल्या. ते झाड अजून ठणठणीत आहे. कोणाला तरी लागू पडल्या.

जानेवारीत मी तिच्या मृत्यूचा दाखला आणायला गेलो तेव्हा सुतार म्हणाले, "लोक कोर्स पूर्ण करत नाहीत आणि मग आमच्या नावानं बोटं मोडतात." ते एका वेगळ्याच पेशंटबद्दल बोलत होते. मी दाखला घेतला आणि जिन्यानं खाली आलो. लिफ्ट होती, पण मला उभं राहून वाट बघवेना.

तेव्हा आता असं ठरवलं आहे. ९ तारखेला सभेत हे सांगून टाकायचं. दादा पहिल्या रांगेत असतीलच. दर रविवारी विचारतात, त्यांना एकदा उत्तर देऊन मोकळं व्हावं. फक्त त्याआधी खात्री पाहिजे. नऊ दिवस आधी औषध सोडलं म्हणून तो जिवंत राहिला, हे खरं ना? हो किंवा नाही एवढंच लिही.

भाऊजी


२५ फेब्रुवारी

ति. भाऊजींना नमस्कार.

नाही.

नऊ दिवसांनी काही फरक पडला नाही. हे मनातून काढून टाका आणि सभेत तसलं काही बोलू नका. ताईला आवडलं नसतं. तिच्या सभेत दुसऱ्या कोणी भाव खाल्लेला तिला कधीच आवडला नसता.

इकडे काम फार आहे. नवी गरम पेटी आली, पण तिचं दार उलट्या बाजूला उघडतं, त्यामुळे दिवसभर सगळे एकमेकांच्या अंगावर आदळतात. सभेला मी बहुतेक येऊ शकणार नाही, रजा मिळत नाही.

कुंडीतलं झाड फेकून द्या.

सुतळी


२८ फेब्रुवारी

सुतळीस,

आशीर्वाद. तुझं "नाही" मिळालं.

लिफ्ट अडकून आत माणूस असला की आम्ही वरून ओरडायचो, "दोन मिनिटं हं, झालंच!" दोर कितीही घसटलेला असला तरी हेच ओरडायचो. तसं शिकवलेलंच असतं. तुझं "नाही" मला त्या आवाजातलं वाटतं. दोन महिने सगळे माझ्याशी त्याच आवाजात बोलत आहेत. तू तसं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारलं होतं. जी बाई ताईच्या आजारपणात तिला पत्रानं कळवायची की "तुझा पू या खेपेला फारच उच्च प्रतीचा होता", ती आता मला लहान मुलासारखं समजावते आहे.

मला कारण पाहिजे. कारण नसेल तर मी माझं खरं धरून चालणार, आणि ९ तारखेला बोलणार.

काल तिची फाइल आवरली. चार वर्षांचे कागद होते. त्यात तो तिसऱ्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट सापडला. "वाढ नाही" आणि खाली तुझी सही. तुझ्या ताईनं त्यावर लाल पेनानं, मुलींच्या वह्यांवर लिहायची तसं, "शाब्बास सुतळी" असं लिहून ठेवलं आहे. तुला कधी दाखवला नसेल. तिला कोणाचं कौतुक तोंडावर करता येत नसे. तुझ्याजवळ असावा म्हणून सोबत पाठवतो आहे. मी त्याची झेरॉक्स ठेवलेली नाही, तेव्हा जपून ठेव.

रजा मिळाली तर ये.

भाऊजी


४ मार्च

भाऊजी,

तो कागद मिळाला. आज मी कामावर गेले नाही.

तुम्हाला कारण पाहिजे ना, देते. हे पत्र तुम्ही सभेत वाचलंत तरी चालेल.

ताईच्या हाडाचा तो कण आला त्या दिवशी मीच तो प्लेटवर लावला. नमुन्याच्या बाटलीवर तिनं ऑपरेशनला जाण्याआधीच चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, "काळजीपूर्वक हाताळणे, आत मान्यवर आहेत." मी हसत हसत काम केलं. दोन दिवसांनी प्लेट कोरी होती. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा उजेडात धरूनसुद्धा बघितली नाही. "वाढ नाही" लिहिलं, सही केली आणि प्लेट टाकायच्या टोपलीत टाकली.

टाकलेल्या प्लेट आम्ही एका मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफेनं शिजवतो आणि मगच फेकतो. त्या आठवड्यात त्या कुकरचं झाकण बसत नव्हतं. मेकॅनिक पाच दिवस आला नाही. त्यामुळे टोपली खोलीच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. उन्हाळा होता आणि त्या कोपऱ्यात गरम पेटीइतकंच गरम व्हायचं. प्लेट लावल्याच्या सातव्या दिवशी कुकर सुरू झाला आणि मी टोपली रिकामी करायला घेतली. ताईची प्लेट वरच होती.

तिच्यावर धुळीसारखं काहीतरी होतं. मी आधी धूळ म्हणूनच बघितलं. पण धूळ कशीही पडते, आणि हे कण मी जिथे सुई फिरवली होती बरोबर त्याच रेषेत होते. भिंग लावलं. टाचणीच्या टोकाएवढे, रंग नसलेले. थोडे उचलून दुसऱ्या तपासण्या केल्या. तोच होता. सगळा दिमाख उतरवून, मरतुकडा होऊन, पण तोच.

त्याच दिवशी दुपारी ताईचं पत्र आलं होतं. त्यात होतं, "आज दवाखान्याचा जिना कठडा न धरता चढले. वर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून परत उतरून पुन्हा चढले."

नवा रिपोर्ट द्यायचा म्हणजे तिचा पाय चौथ्यांदा उघडायचा, सळई काढायची आणि तिला पुन्हा कुबड्यांवर आणायचं. आणि माझी सही होती. नियमानं मी चुकले नव्हते, पण साहेबांना सांगायचं म्हणजे सहीवर प्रश्न आलाच. त्यातलं काय किती होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणायचे की ताईसाठी केलं. पण टोपली यंत्रात घालताना मी दाराकडे बघितलं होतं, कोणी येत नाही ना म्हणून. ताईसाठी करत असते तर दाराकडे कशाला बघितलं असतं?

मी प्लेट शिजवली. नोंदवहीत काही लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा पू आला तेव्हा प्लेटवर ढीगभर सोनेरी वाढले. सगळे म्हणाले, नवा संसर्ग. मीही म्हटलं. तो नवा नव्हता हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. शेवटी रक्तात उतरला तो हाच.

तुमच्या नऊ दिवसांचं कारण हे आहे. त्या गोळ्या वाढणाऱ्याला मारणाऱ्या होत्या, आणि तो वाढतच नव्हता. तेहतीस काय आणि बेचाळीस काय, हाडात बसलेल्याला त्यांचा पत्ता लागला नसता. शंभर टक्के असं वैद्यकात काही नसतं, पण मी या कामात बावीस वर्षं आहे आणि हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. त्याच वेळी मी कळवलं असतं तर सळई निघाली असती, औषध बदललं असतं आणि कित्येक महिने दिलं असतं. वाचलीच असती असं नाही. पण डाव तरी मांडता आला असता. तो मी मांडू दिला नाही.

तुमच्या पहिल्या पत्रात "रिपोर्टमध्ये जंतू नाहीत असं यावं आणि ते असावेतच" हे वाचलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं आहे आणि तुम्ही मला संधी देत आहात. म्हणून मी नियम सांगत बसले. तुम्ही तर स्वतःलाच पकडून बसला होता. भाऊजी, तुमच्यासारखा भोळा माणूस लिफ्ट खात्यानं कसा काय ठेवला?

तुम्ही पाठवलेला कागद मी ठेवू शकत नाही. परत पाठवते आहे.

सुतळी


१० मार्च

सुतळी,

तुझं पत्र सातला दुपारी मिळालं. मी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची ताकद नव्हती.

काल सभा झाली. फोटो चांगला आहे, फक्त त्यात ती शांत दिसते, त्यामुळे ओळखू येत नाही. अध्यक्षबाई वीस मिनिटं बोलल्या. त्यांनी तिला मायेची सावली म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन माजी विद्यार्थिनींना हसू आवरेना आणि त्या उठून बाहेर गेल्या. मग माझी पाळी आली.

मी उभा राहिलो. दादा समोरच होते. मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी तिनं नऊ दिवस आधी गोळ्या सोडल्या, आणि मी तिला सोडू दिल्या. ज्यांना ज्यांना मला हे विचारायचं होतं त्यांच्यासाठी सांगतो. पण ती त्यानं गेली नाही. तिच्या हाडात जो होता त्याला दाबलं की तो लहान व्हायचा, गप्प बसायचा, आणि पकड सुटली की पुन्हा मोठा व्हायचा. हिला आयुष्यात कोणी दाबलं तर ही आणखी मोठ्यानं ओरडायची. समोरचा असा काही प्रकार करत असेल अशी तिला शंकाच आली नाही. आम्हा कोणालाच वेळेवर आली नाही."

एवढं बोलून बसलो. दादांनी जागेवरूनच विचारलं, "मग चूक कोणाची म्हणायची?" सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "तपासणीत राहून गेलं." ते म्हणाले, "कोणाच्या?" मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही." हे बरंचसं खरं असल्यामुळे कोणी पुढे बोललं नाही. स्वयंपाकीणबाईंनी तेवढ्यात चहा आणला.

मी तुझं नाव घेतलं नाही. याचा अर्थ मी तुला माफ केलं असा काढू नकोस. तो विचार मी अजून सुरूच केलेला नाही. सातपासून आजपर्यंत मी तुझ्यावर इतका रागावलो आहे की जेवण व्यवस्थित जातं आहे. महिनाभर स्वतःवर रागावलो होतो तेव्हा जात नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांचं मला काही वाटत नाही. मी हजारो वेळा "दोष आढळला नाही" असं लिहिलं आहे आणि घरी येऊन शांत झोपलो आहे. कधी कधी दोष असणारच. दिसला नाही, लिहिला नाही, तिथे संपलं. पण दिसला आणि लिहिला नाही असं मी कधी केलं नाही. एकदा एका इमारतीला ठीक असल्याचा शेरा दिला आणि जिना उतरताना मला दोराचा आवाज आठवला. परत वर गेलो, लिफ्ट बंद केली आणि वहीत माझ्याच शेऱ्याखाली लिहिलं की वरील शेरा चुकीचा आहे. सोसायटीच्या लोकांनी मला आठ मजले शिव्या दिल्या. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. असं करता येतं एवढंच सांगतो.

तेव्हा मला तिचा दुरुस्त रिपोर्ट पाहिजे. तारीख आजची, सही तुझी, आणि जे दिसलं ते सगळं त्यात पाहिजे. तो तुझ्या साहेबांच्या हातून येऊ दे, तुझ्या घरून नको. तिच्या फाइलमध्ये शेवटचा कागद खोटा राहणं मला चालणार नाही.

भाऊजी


१८ मार्च

भाऊजी,

सोबत रिपोर्ट आहे. पत्र वेगळं लिहीत नाही.

नमुना: उजव्या नडगीच्या हाडाचा कण, तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेला.
दोन दिवसांनंतर: वाढ नाही. (हे पूर्वीच कळवले आहे.)
सातव्या दिवशी: वाढ आहे. अतिशय बारीक, रंगहीन, मंद वाढणारी. पुढील तपासणीत जंतू सोनेरी जातीचाच असल्याचे आढळले.
शेरा: सातव्या दिवसाची वाढ खाली सही करणारीने त्याच दिवशी पाहिली आणि कळवली नाही. प्लेट नष्ट केली. त्यामुळे पूर्वीचा रिपोर्ट चुकीचा समजावा.

वर साहेबांची सही आहे. त्यांनी तीन वेळा वाचून विचारलं, "हे असंच टाइप करायचं?" मी म्हटलं, असंच. मला मेमो मिळाला आहे, चौकशी होईल. नोकरी जाईलसं वाटत नाही, पण सही करायचा अधिकार सध्या काढून घेतला आहे. नमुने मी लावते आणि वाचते दुसरी. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि मला "मॅडम, जरा सरका" म्हणते.

भिंतीवर एक कागद लागला आहे. हाडाच्या नमुन्यांच्या प्लेट यापुढे चौदा दिवस ठेवायच्या. गरम पेट्यांत जागा नाही म्हणून सगळे मला शिव्या देत आहेत.

सुतळी


२४ मार्च

सुतळी,

रिपोर्ट मिळाला. फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. तू परत पाठवलेला जुना कागद त्याच्या खाली लावला आहे, लाल पेनासकट. दोन्ही तिचेच आहेत.

एक प्रत घेऊन सुतारांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ वाचला. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे सध्या असे चार पेशंट आहेत, रिपोर्ट स्वच्छ आणि पाय वाहतोय." मी म्हटलं, "मग मला काय सांगता, प्रयोगशाळेला फोन करा." त्यांनी माझ्यासमोर केला. पलीकडून बाईचा आवाज येत होता. तुझा होता का ते मला ऐकू आलं नाही.

दादा रविवारी आले होते. त्यांना रिपोर्ट दाखवला. तू दाखवायला हवास असं आधी वाटलं होतं, पण ते खुर्चीत बसून पुन्हा "काळजी" म्हणायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. त्यांनी वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ही डॉक्टरांना मदत करते ना?" मी म्हटलं, "नाही. ही जंतूंना जेवायला घालते." ते रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. त्यांचं तुझ्याशी काय व्हायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाही.

माझं सांगतो. दोन आठवडे मी तुला रागाचं पत्र लिहायला बसतो आहे. चार ओळी झाल्या की अक्षर सरळ येतं आणि राग निघून जातो. कागदावर रागावणं मला जमत नाही, कधी सवयच नव्हती. घरात ते खातं तुझ्या ताईकडे होतं. मला तुला समोर बसवून, मोठ्यानं, मध्ये न थांबता बोलायचं आहे. तुला मध्ये बोलायचं असेल तर माझ्या उजव्या बाजूला बस, त्या कानानं थोडं ऐकू येतं.

येत्या रविवारी ये. सकाळच्या गाडीनं निघालीस तर अकरापर्यंत पोचशील. जेवून येऊ नकोस.

भाऊजी